वैशालीची साक्ष आणि तेजलचं वकीलपत्र

धुळ्याच्या कोर्टात मूकबधिर शाळेच्या शिक्षकांनी जज मॅडमपुढे हात जोडले आणि सांगितलं, "मॅडम, मला या बाईचं काहीच कळत नाहीये."

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात वैशाली उभी होती. ती आमची पक्षकार. तिला जन्मापासून ऐकू येत नाही आणि बोलताही येत नाही. शिक्षकांना कोर्टानंच दुभाषी म्हणून बोलावलं होतं. बिचाऱ्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला. पण ते शाळेत मुलांना जी सांकेतिक भाषा शिकवतात ती वैशालीला येत नव्हती, कारण वैशाली कधी शाळेतच गेली नव्हती. तिच्या खुणा घरच्या घरी तयार झालेल्या होत्या. शिक्षक एक खूण करायचे, ती गोंधळून माझ्याकडे बघायची.

समोरचे वकील धुळ्यातले जुने आणि हुशार. ते लगेच उठले. म्हणाले, यातच आमचं म्हणणं सिद्ध होतं. ज्या बाईचं बोलणं मूकबधिरांच्या शिक्षकाला कळत नाही, ते तीन वर्षांच्या पोरीला काय कळणार? तिनं मूल सांभाळायचं कसं?

मी उत्तर जुळवत होतो.  तेवढ्यात मागून माझ्या कोटाची बाही ओढली गेली. माझी ज्युनिअर तेजल हळूच म्हणाली, "सर, मला कळतंय ती काय म्हणते ते."

आता ही तेजल कोण आणि ती माझ्याकडे कशी आली, ते सांगतो.

मी जळगावला दिवाणी वकिली करतो. जमिनी, वाटण्या, बँकांची वसुली अशी कामं. गेल्या काही वर्षांत बँकांनी पॅनलवरचे वकील कमी केले. प्लॉटचे व्यवहार थंडावले, तसे टायटल तपासायला येणारेही थंडावले. टायटल तपासणं म्हणजे जमीन खरंच विकणाऱ्याच्याच मालकीची आहे का, हे जुनी कागदपत्रं काढून बघणं. नवीन वकिलाला हीच कामं देता येतात. ती आटली की सिनिअरचं कसंबसं भागतं, ज्युनिअरला मात्र टेबलच उरत नाही.

तेजल असोद्याची. घरची केळीची थोडी शेती. पाच वर्षांचा लॉ कोर्स चांगल्या मार्कांनी पास झाली. शेवटच्या वर्षी पुण्याच्या एका मोठ्या फर्ममध्ये इंटर्नशिप केली, त्यांनी नोकरीही देऊ केली. गावात पेढे वाटून झाले. मग फर्मचा मेल आला, की सध्या भरती थांबवली आहे, परिस्थिती सुधारल्यावर कळवू. त्यांनी पुन्हा काही कळवलं नाही. तिच्या वर्गातला एक मुलगा मोबाईलच्या शोरूममध्ये लागला होता. एक मैत्रीण विमा कंपनीच्या कॉल सेंटरला. दोघीतिघी न्यायाधीशाच्या परीक्षेचा अभ्यास करत होत्या, तर त्या परीक्षेला आता तीन वर्षांच्या वकिलीची अट आली. म्हणजे आधी वकिली करा, आणि वकिलीत कोणी घेत नाही.

ती माझ्याकडे आली तेव्हा मी स्पष्ट सांगितलं, की काम नाही, त्यामुळे पगारही नाही. ती म्हणाली, नुसतं बसू द्या. मी म्हटलं, बस.

ती आली त्याच सुमारास वैशालीचं काम विधी सेवेकडून माझ्याकडे आलं. ज्यांची ऐपत नाही त्यांना सरकारतर्फे फुकट वकील मिळतो, त्यातलं हे काम. वैशालीचं माहेर यावलजवळचं. आई नाही. वडील केळी कापणाऱ्या टोळीत जातात. तिचं लग्न धुळे तालुक्यातल्या एका गावात झालं होतं. नवरा टेम्पो चालवायचा, माणूस चांगला होता. हायवेवर अपघातात गेला. दिवसकार्य आटोपल्यावर सासरच्यांनी वैशालीला माहेरी आणून सोडलं आणि मुलगी ठेवून घेतली. म्हणणं एवढंच, की हिला पोरीचं रडणं ऐकू येत नाही, पोरीला काही झालं तर जबाबदार कोण? पुढे सगळं दीर चालवत होता. तो वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. भाऊ गेला होता, त्याच्या मागे एवढी एक पोर राहिली होती, आणि ती त्याला घरातून जाऊ द्यायची नव्हती.

मुलगी परत मिळावी म्हणून आम्ही धुळ्याच्या कोर्टात दावा लावला, कारण मूल राहतं तिथेच तो चालतो. कायदा आईच्या बाजूचा होता. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईजवळ राहतं. पण आई सांभाळायला असमर्थ आहे असं कोर्टाला पटलं तर निकाल फिरू शकतो. म्हणून तिची साक्ष महत्त्वाची होती. जज मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, की हिची साक्ष लिहून आणलेली नको, माझ्यासमोर खुणांनीच होऊ दे. कायद्यात तशी सोय आहे. बोलू न शकणारा माणूस उघड कोर्टात खुणांनी साक्ष देऊ शकतो, फक्त त्याचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करावं लागतं.

मी तेजलला वैशालीची फाईल दिली आणि तिच्याकडून हकिगत घेऊन यायला सांगितलं. मला वाटलं होतं, ही एकदा जाईल, वडिलांशी बोलेल आणि दोन पानं लिहून आणेल. ती पहिल्यांदा रिकाम्या हातानं परत आली. वडील सांगतात ते वडिलांचं म्हणणं आहे, तिचं नाही, असं म्हणाली. मग ती पुन्हा गेली. मग जातच राहिली. जळगावहून यावलची बस, पुढे मिळेल त्या रिक्षानं. ऑफिसात तिच्यासाठी काम नव्हतंच, त्यामुळे मीही कधी विचारलं नाही. कधी विषय निघालाच तर सांगायची, आज तिच्याबरोबर गोधडी शिवली, आज शेंगा फोडल्या. मी हसून सोडून द्यायचो. ती तिकडे एक अख्खी भाषा शिकत होती, हे मला त्या दिवशी धुळ्याच्या कोर्टात कळलं.

मी उभा राहिलो आणि मॅडमना सांगितलं, की माझ्या ज्युनिअरला साक्षीदाराच्या खुणा कळतात.

समोरच्या वकिलांनी हरकत घेतली, आणि ती रास्त होती. दुभाषी तटस्थ हवा. वकील एका बाजूचा असतो. तो साक्षीदाराच्या तोंडी हवं ते घालू शकतो, आणि इथे तर दुसऱ्या कोणाला पडताळताही येणार नव्हतं. शिवाय तिला खरंच कळतं, हे कशावरून?

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग तेजलला म्हणाल्या, "तुम्ही बाहेर जा. बोलावलं की या."

तेजल बाहेर गेल्यावर मॅडमनी समोरच्या वकिलांना सांगितलं, की साक्षीदारासमोर तुम्हाला हवं ते करा. वकिलांनी क्षणभर इकडेतिकडे पाहिलं. मग खिशातून रुमाल काढला, त्याला गाठ मारली आणि शिपायाच्या खिशात ठेवला. शिपायानं तो काढून स्टेनोच्या टेबलाच्या खणात टाकला. मॅडमनी स्वतःचा चष्मा काढून उलटा घातला आणि परत नीट केला. कोर्टात थोडा हशा पिकला. वैशाली हसली नाही, ती टक लावून बघत होती.

तेजलला आत बोलावलं. तिनं वैशालीकडे बघून दोन्ही तळवे वर केले, भुवया उचलल्या. काय झालं, एवढंच विचारलं असावं.

वैशालीचे हात चालायला लागले. मी तीस-पस्तीस वर्षं साक्षी ऐकतोय, अशी साक्ष पाहिली नव्हती. तिनं आधी पोटाखाली सरकलेली पँट दोन्ही हातांनी वर ओढल्यासारखं केलं. तेजल म्हणाली, "समोरचे वकीलसाहेब." कोर्टातल्या प्रत्येकाला ते ओळखू आलं. वकीलसाहेबांचे हात त्या क्षणी पँटवरच होते. पुढे तेजल एकेक सांगत गेली. त्यांनी रुमाल काढला. गाठ मारली. शिपाईदादांच्या खिशात घातला. त्यांनी तो टायपिंग करणाऱ्या बाईंच्या खणात टाकला. मॅडमनी चष्मा उलटा घातला.

मग वैशालीनं अंगठा आणि बोट जुळवून कपासारखं ओठाला लावलं आणि तळहातावर बोट टेकवलं. तेजल म्हणाली, "रुमालावर चहाचा डाग आहे."

मॅडमनी खण उघडायला सांगितला. स्टेनोनं रुमाल काढला, गाठ सोडली. कोपऱ्यात चहाचा डाग होता. आमच्यापैकी कोणीही तो पाहिला नव्हता. ज्यांचा रुमाल त्यांनीही नाही.

 मूकबधिर शाळेचे शिक्षक पुढे आले आणि वैशालीला नमस्कार करून बाजूला उभे राहिले.

मॅडमनी मार्ग काढला. तेजलला दुभाषी व्हायचं असेल तर तिनं या कामातली वकिली सोडावी, दुभाष्याची शपथ घ्यावी. सगळं रेकॉर्ड होईल आणि समोरच्या पक्षाला त्याची प्रत मिळेल, त्यांनी ती हव्या त्या तज्ज्ञाला दाखवावी. वकीलसाहेबांना ते मान्य करावं लागलं.

वकिली सोडायची म्हणजे वकीलपत्रातून नाव काढायचं. पक्षकार ज्या कागदावर सही करून आपली बाजू मांडायचा अधिकार वकिलाला देतो, ते वकीलपत्र. तेजलचं नाव असलेलं ते पहिलंच वकीलपत्र होतं. वैशालीचा अंगठा घेताना तिनं त्याचा फोटो काढून घरी पाठवला होता. अंतिम युक्तिवादाचा काही भाग मी तिला करू देणार होतो. तिनं तो पाठही करून ठेवला होता. निकालपत्रावर वकील म्हणून नाव छापून येतं. वर्षभर कोणीच दारात उभं न केलेल्या मुलीला त्याचं काय वाटत असेल, ते मला समजत होतं. मी तिला बाहेर नेऊन म्हटलं, नीट विचार कर, दुसरं काम लवकर मिळेल असं मी सांगू शकत नाही.

ती म्हणाली, "सर, पुरशीस मी लिहू की तुम्ही लिहिता?"

पुरशीस म्हणजे कोर्टाला एखादी गोष्ट कळवणारा छोटा अर्ज. तिनंच लिहिली. अक्षर नेहमीसारखं स्वच्छ होतं.

पुढच्या तारखेला उलटतपास झाला. म्हणजे समोरचा वकील साक्षीदाराला प्रश्न विचारून तिचं म्हणणं खोडायचा प्रयत्न करतो. तेजल शपथ घेऊन पिंजऱ्याशेजारी उभी राहिली. तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. दुभाष्यानं पाहायचंही नसतं. कॅमेरा लावला होता. मागच्या बाकावर दीर आणि वैशालीची सासू बसली होती. सासूला गावात सगळे अक्का म्हणत. प्रत्येक तारखेला त्या यायच्या, डोक्यावरून पदर घेऊन खाली मान घालून बसायच्या, जायच्या. मी त्यांचा आवाज कधी ऐकला नव्हता.

वकीलसाहेबांनी तयारी चांगली केली होती. पोरीला ताप आला तर डॉक्टरला काय सांगणार? वैशालीनं ताप, उलटी, खोकला, पोटदुखी असं एकेक करून दाखवलं, आणि कोर्टात बसलेल्या कोणालाही ते दुभाष्याशिवाय कळलं. पोरगी रस्त्यावर पळाली तर हाक कशी मारणार? ती म्हणाली, मी पळते. पोरगी बोलायला कोणाकडून शिकणार? माझ्या वडिलांकडून, शेजारच्या मुलांकडून, अंगणवाडीत.

मग त्यांनी त्यांचा मुख्य प्रश्न विचारला. रात्री अंधारात मूल रडलं तर तुला कसं कळायचं?

वैशालीनं हातानं कापड फाडल्यासारखं केलं. त्याचा पीळ घातला. एक टोक स्वतःच्या मनगटाला बांधलं, दुसरं खाली, लहान पायाला. मग मनगट दोनतीनदा झटक्यानं ओढलं गेल्यासारखं केलं आणि डोळे उघडले. तेजल म्हणाली, "जुन्या साडीची पट्टी. एक टोक माझ्या हाताला, दुसरं तिच्या पायाला. ती हलली की मला जाग येते."

वैशाली थांबली नव्हती. तिनं हनुवटीला बोटाचं टोक तीनदा लावलं. मग एक हात कमरेवर ठेवून थोडी वाकली आणि पुन्हा तीच पट्टी बांधायची खूण केली.

तेजल तिच्याजवळ सरकली. तिनं वैशालीला पुन्हा करायला सांगितलं. वैशालीनं पुन्हा तसंच केलं, हनुवटीवर तीनदा बोट, कमरेवर हात.

मी मनातल्या मनात म्हणत होतो, काहीतरी सांग. कोणाला कळणार आहे? सासूनं बघितलंय म्हण, देवाची शपथ म्हण, काहीही चालून जाईल.

"मॅडम, ही खूण मी कधी पाहिलेली नाही," तेजल म्हणाली. "अंदाजानं सांगता येणार नाही."

वकीलसाहेब याच क्षणाची वाट बघत होते. त्यांनी मागणी केली, की दुभाष्याला साक्षीदाराची भाषा पुरती येत नाही असं नोंदवावं आणि आतापर्यंतची साक्ष बाद करावी. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. 

तेव्हा मागून बाक सरकल्याचा आवाज आला. अक्का उभ्या राहिल्या होत्या. दिरानं त्यांचा हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला.

"मॅडम, ती मन्हं नाव लेई ऱ्हायनी," अक्का अहिराणीत म्हणाल्या.

वकीलसाहेब वळून म्हणाले, अक्का, तुम्ही बसा. त्या बसल्या नाहीत. त्यांनी डोक्यावरचा पदर मागे केला आणि स्वतःच्या हनुवटीला बोट लावलं. तिथे तीन हिरवे ठिपके गोंदलेले होते. मग कमरेवर हात ठेवला. त्यांची कंबर वाकलेली होती, ती आम्ही प्रत्येक तारखेला पाहत होतो.

"हाई खूण मन्ही शे. पट्टी बांधानं मीच शिकाडं तिले," त्या म्हणाल्या. "ती बठ्ठं खरं सांगी ऱ्हायनी."

म्हणजे ती खूण अक्कांचं नाव होतं. पट्टी बांधायला सासूनं शिकवलं, असं वैशाली सांगत होती, आणि ती सगळं खरं सांगते आहे, असं अक्का म्हणत होत्या. तेजलला ते कळलं नाही, कारण माहेरी बसून वैशालीनं सासूचं नाव कधी घेतलंच नव्हतं. ज्यांनी आपलं मूल ठेवून घेतलं त्यांच्याबद्दल ती कशाला बोलेल? पण कोर्टात प्रश्न विचारला गेला, तेव्हा तिनं खरं होतं ते सांगितलं. शिकवणारीचं श्रेय शिकवणारीला दिलं. तेही त्या सासूविरुद्धच लावलेल्या दाव्यात.

वैशालीला ऐकू येत नव्हतं. अक्का काय म्हणाल्या ते तिला कळलं नाही. तिला एवढंच दिसलं, की सासू उभी आहे आणि स्वतःचं नाव करून दाखवते आहे. तिनं पिंजऱ्यातून हात जोडले. अक्कांनी तोंडाला पदर लावला. मी कोर्टात फार रडारड पाहिली आहे, तिची सवय होते. त्या दिवशी मात्र ती सवय उपयोगी पडली नाही. मी खाली बसलो आणि उगाच कागद चाळत राहिलो.

बाकावरून बोललेलं साक्षीत धरत नाहीत. मॅडमनी ते लिहून घेतलं नाही. त्यांनी कामकाज थोडा वेळ थांबवलं आणि दोन्ही बाजूंना बोलून घ्यायला सांगितलं. दीर तरातरा बाहेर गेला. कँटीनमध्ये वकीलसाहेब चहाचा ग्लास घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. चहा संपवला. मग म्हणाले, "भाऊ, माझ्याच पक्षकारानं मला उलटतपासलं. आता काय राहिलं?" पुढे त्यांनी तेजलबद्दल विचारलं, की कोणाची पोर, कुठली. त्या एका खुणेवर ती खोटं बोलली असती, तर अक्का उठल्या नसत्या, असं त्यांचं मत होतं. माझंही तेच झालं.

प्रकरण तडजोडीनं मिटलं. मुलगी आईकडे. सुट्टीत आणि सणाला अक्कांकडे. दिरानं सही करायला एक तारीख वाया घालवली, पण केली. ताबा द्यायच्या दिवशी अक्का नातीला कडेवर घेऊन आल्या. आई समोर दिसल्यावर पोरगी आधी लाजली, अक्कांच्या खांद्यात तोंड लपवलं. मग हळूच एक हात बाहेर काढून बोटांनी भराभर काहीतरी विचारलं. वैशालीनं उत्तर दिलं. पोरगी तिच्याकडे झेपावली. एवढे महिने आईपासून लांब राहूनही ती भाषा विसरली नव्हती. घरात तिच्याशी त्या खुणांनी बोलणारं दुसरं कोण होतं, ते विचारायची मला गरज वाटली नाही. तेजलला मी विचारलं, पोरगी काय म्हणाली? ती म्हणाली, आता मी दुभाषी नाही सर, ते त्यांचं खासगी आहे.

निकालपत्रावर वकील म्हणून माझं एकट्याचं नाव आहे. तेजलचा उल्लेख आत कुठेतरी, दुभाषी म्हणून, एका ओळीत आहे.

यातून तिचं नशीब उघडलं असं काही झालं नाही. पुण्याच्या फर्मकडून निरोप आला नाही. धुळ्याच्या वकीलसाहेबांनी तिला एक काम पाठवलं, मग आणखी एक. एकदा दुसऱ्या कोर्टानं तिला दुभाषी म्हणून बोलावलं. तिथला साक्षीदार वेगळा, त्याच्या खुणा वेगळ्या, सगळं पहिल्यापासून शिकावं लागलं. आता तिची स्वतःची मोजकी वकीलपत्रं आहेत. ती जळगावला माझ्याच ऑफिसात बसते, खिडकीजवळच्या टेबलाशी.

मागच्या महिन्यात लॉ कॉलेजमध्ये शेवटच्या वर्षाच्या मुलांसमोर बोलायला मला बोलावलं होतं. मी त्यांना ही हकिगत सांगितली. म्हटलं, सध्या काम नाही हे खरं आहे. पण काम नसतं तेव्हाच एखाद्या माणसाजवळ महिनोन् महिने बसून त्याचं म्हणणं समजून घेता येतं. माझ्याकडे कामं भरपूर असती, तर मी तेजलला यावलला दुसऱ्यांदा जाऊ दिलं नसतं.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग मागच्या रांगेतला एक मुलगा उठला आणि त्यानं शांतपणे विचारलं, "सर, पण तोपर्यंत खायचं काय?"

तेव्हापासून मी तेजलला दर महिन्याला पगार देतो. फार नाही, पण एक तारखेला देतो.